वाचकांचे प्रश्न : हॉट रॉड, एकास पंचवीस

मागच्या अंकात हॉट रॉडचं, म्हणजे इंजिन आणि बॉडी बदलून वेगवान केलेल्या जुन्या गाडीचं, प्लॅस्टिक मॉडेल बांधण्याचा लेख होता : १९३२ची फोर्ड, हॉट रॉडवाल्यांची लाडकी ‘ड्यूस’, एकास पंचवीस प्रमाणात, म्हणजे खऱ्या गाडीच्या पंचविसाव्या हिश्श्याएवढी. त्यावर नागपूर आणि आसपासहून बरीच पत्रं आली. हॉट रॉडला बॉनेटच्या बाजूचे पत्रे नसतात, पुष्कळदा मडगार्डही नसतात. इतर मॉडेलमध्ये झाकून जाणारं इंजिन, एक्सल, स्टिअरिंगचे दांडे इथे उघड्यावर असतात. त्यामुळे बहुतेक प्रश्न त्याच उघड्या भागांचे आहेत. सगळी पत्रं घेता आली नाहीत; एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : मे महिन्यात स्प्रे मारला की रंग नीट बसतच नाही. सगळं खरबरीत होऊन राहिलं आहे, बोट फिरवलं तर भुकटी लागते. तोच रंग गेल्या ऑगस्टमध्ये मारला तर वर दुधासारखी साय आली. रंगच खराब आहे का? (मानेवाडा)

रंग चांगला आहे. नागपूरची हवा त्याला वर्षातून दोनदा छळते, आणि दोन्ही वेळा कारण वेगळं असतं.

नवतप्यात पारा ४५च्या आसपास आणि हवा ठणठणीत कोरडी. नोझलमधून सुटलेल्या थेंबातला थिनर बॉडीपर्यंत पोचायच्या आतच उडतो. पोचते ती अर्धी वाळलेली भुकटी, आणि ती पसरून सपाट होत नाही. स्प्रेची वेळ बदला : पहाटे साडेपाच ते सात. एअरब्रश असेल (०.३ मिमी नोझल) तर दाब १५ ते १८ पीएसआय आणि अंतर १० ते १२ सेंटीमीटर. हिवाळ्यात लॅकरला (थिनर उडून वाळणाऱ्या रंगाला) रंगाइतकाच थिनर पुरतो, मेमध्ये एका भागाला दीड भाग घ्या. थिनरच्या दहा टक्क्यांपर्यंत रिटार्डर (थिनर हळू उडावा म्हणून मिसळायचं द्रावण) घाला. त्यापुढे गेलात तर रंग आठवडाभर मऊ राहतो आणि बोटांचे ठसे घेतो. स्प्रेच्या डब्याला रिटार्डर घालता येत नाही, तिथे अंतरच कमी करायचं : २५ सेंटीमीटरऐवजी १५, आणि हात जरा जलद. डबा उन्हात किंवा स्कूटीच्या डिकीत ठेवू नका. ५० अंशांवर तो नेऊ नये असं डब्यावरच छापलेलं असतं, आणि नागपुरात बंद डिकी उन्हात ५० अंश सहज ओलांडते.

स्प्रे मारताना कूलर बंद हवा. खोली थंड होते म्हणून कूलरपुढे बसून रंगवणारे पुष्कळ आहेत. कूलर पाणी फेकतो आणि ताट्यांतला बारीक काडीकचराही फेकतो. मेमध्ये रंगात केसासारखी काडी अडकलेली सापडते, ती बहुतेक वेळा खसची असते.

ऑगस्टमधल्या सायीचं कारण उलटं. थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, दमट हवेतली वाफ त्यावर जमते आणि ओल्या लॅकरमध्ये अडकते. ४००-५०० रुपयांत आर्द्रता दाखवणारं लहान यंत्र मिळतं, ते टेबलावर ठेवा. ७० टक्क्यांच्या वर लॅकर मारायचं नाही, एवढा नियम पाळला तरी निम्मा त्रास जातो. साय आलीच तर घासू नका. उघाडीच्या दिवशी थिनरमध्ये थोडा रिटार्डर मिसळून त्याचा अगदी हलका फवारा द्या. वरचा थर पुन्हा मऊ होतो, ओल निघून जाते, चकाकी परत येते. पावसाळ्यात कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी साठतं, ते दर वेळी खालच्या नळीने सोडा. वाळवायला बल्ब लावलेला खोका चालेल, पण आतलं तापमान ४५च्या पुढे नको. खांब आणि विंडशील्डच्या चौकटी बारीक असतात, त्या आधी वाकतात.

याच पत्रात गाड्यांच्या रंगाच्या दुकानातल्या एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंगाबद्दल विचारलं आहे. चालतो, पण प्रायमरशिवाय नाही. एनसी थिनर उघड्या पॉलिस्टायरीनला, म्हणजे किटच्या प्लॅस्टिकला, खातो आणि पृष्ठभागावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा पडतात. प्रायमरचे तीन पातळ हात, प्रत्येकात १५ मिनिटं, मग रात्रभर थांबा. पहिले दोन हात रंगाचेही कोरडेच ठेवा.

प्रश्न : कॅन्डी रेड मारला. बॉडी एका छटेची, बॉनेट दुसऱ्या. रंग एकाच बाटलीतला आहे. (प्रतापनगर)

कॅन्डी हा पारदर्शक रंग. खालच्या चंदेरी थरावर जितके हात, तितका तो गडद. बॉडीला पाच हात आणि बॉनेटला चार पडले तर दोन गाड्यांचे भाग दिसणारच. बॉडी, बॉनेट, दारं आणि मागचं झाकण काड्यांवर लावून एकाच बैठकीत रंगवा आणि प्रत्येक हाताची कागदावर रेघ मारा. कॅन्डीवर पॉलिश पेपर लावू नका. जिथे घासाल तिथे तो फिका पडतो. कचरा पडला तर वर क्लिअरचे (बिनरंगी पारदर्शक थराचे) दोन हात द्या आणि मग क्लिअर घासा. आता फिकं बॉनेट वाचवायचं असेल तर एक हात त्याला एकट्याला द्या, पण दिवसाच्या उजेडात, बॉडीशेजारी धरून. ट्यूबलाइटखाली जुळलेला लाल बाहेर आला की फसवतो.

प्रश्न : शेव्हरलेच्या स्मॉल ब्लॉक (आठ सिलिंडरच्या व्ही-८) इंजिनाला प्लगच्या वायरी घालायच्या आहेत. मशीनचा दोरा वापरून पाहिला, केसाळ दिसतो. वायर किती जाडीची, आणि कुठली कुठे? (धरमपेठ)

आधी हिशेब. खऱ्या गाडीची प्लग वायर साधारण ८ मिमी. पंचवीसने भागा : ०.३२ मिमी. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळणारी ३० गेजची प्लॅस्टिक आवरणाची बारीक वायर बाहेरून अर्धा मिलिमीटर भरते, म्हणजे खऱ्या गाडीवर साडेबारा मिमी. इंजिनावर ती दोरखंडासारखी दिसते. दोऱ्याचे तंतू निघतात. मेणातून ओढला तरी भिंग लावल्यावर कळतं.

तुमच्या हाताशी याहून चांगली वस्तू आहे. कूलरच्या मोटारी भरणाऱ्या कुठल्याही वाइंडिंगवाल्याकडे इनॅमल चढवलेली तांब्याची तार मिळते. ती एसडब्ल्यूजी (तारेच्या जाडीचं ब्रिटिश माप) आकड्याने मागा :

– ३० नंबर, ०.३१५ मिमी : प्लग वायर
– २८ नंबर, ०.३७६ मिमी : पेट्रोलची नळी (खरी ३/८ इंच)
– ३६ नंबर, ०.१९३ मिमी : ब्रेकची नळी (खरी ३/१६ इंच)

वाइंडिंगवाला वजनावर देतो. पन्नास ग्रॅममध्ये वर्षभराच्या गाड्या होतात. इनॅमलवर रंग धरत नाही म्हणून १००० नंबरच्या पेपरमधून तार एकदा ओढा, धातूचा प्रायमर लावा, मग काळा किंवा पिवळा. रंग इंजिनावर बसवण्याआधीच द्यायचा.

डिस्ट्रिब्युटरची (प्लगना क्रमाने वीज वाटणाऱ्या भागाची) टोपी किटमध्ये ३ मिमीच्या आसपास असते. तिच्यावर २ मिमी व्यासाचं वर्तुळ आखलं तर परीघ ६.२८ मिमी. त्यावर आठ भोकं म्हणजे केंद्रापासून केंद्र ०.७८ मिमी. भोक ०.४ मिमीचं पाडलं तर दोन भोकांमध्ये जेमतेम ०.३८ मिमीची भिंत उरते. म्हणून आधी सुईच्या टोकाने आठही खुणा टोचून घ्या. ड्रिल न टोचलेल्या जागी हमखास घसरतं. नववं भोक मध्यावर, कॉइलच्या वायरीसाठी. पिन व्हाइस (बारीक ड्रिल धरायची हातातली मूठ) हातानेच फिरवा; विजेच्या ड्रिलने पॉलिस्टायरीन वितळून भोकात गोळा होतो आणि ड्रिल मोडतं.

एवढी भोकं पाडणं जमत नसेल तर सोपा मार्ग आहे. घरच्या फिटिंगमधली १ चौरस मिमीची वायर घ्या, तांबं ओढून काढा, काळ्या आवरणाचा २ मिमी तुकडा कापा. आतली पोकळी सव्वा मिलिमीटरची. ३० नंबरच्या नऊ तारांची जुडी साधारण १.१५ मिमी होते, ती त्यात घट्ट बसते. खालून झटपट गोंदाचा एक थेंब. हीच तुमची टोपी. जवळून पाहणाऱ्याला फरक कळतो, हातभर अंतरावरून नाही.

आता क्रम. शेव्हरलेत डिस्ट्रिब्युटर इंजिनाच्या मागे, फायरवॉलला लागून. गाडीच्या डाव्या बाजूला पुढून मागे सिलिंडर १, ३, ५, ७. उजवीकडे २, ४, ६, ८. टोपीवर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने क्रम १-८-४-३-६-५-७-२. एकाच बाजूच्या चार वायरी टोपीच्या एकाच बाजूने काढल्या तर काम नीटनेटकं दिसतं, पण ते चुकीचं असतं. खऱ्या गाडीत त्या एकमेकींना ओलांडतात, आणि जाणकार नेमकं तेच पाहतो.

फोर्डचं जुनं फ्लॅटहेड इंजिन असेल तर सगळं बदलतं. डिस्ट्रिब्युटर पुढे. सिलिंडर १ ते ४ उजवीकडे, ५ ते ८ डावीकडे. क्रम १-५-४-८-६-३-७-२. प्लग हेडवर वरून उभे. व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच असल्यामुळे वर व्हॉल्व्ह कव्हर नाही. मधल्या दोन सिलिंडरचं एक्झॉस्ट एकाच भोकातून निघतं, म्हणून बाहेर येणारे पाइप बाजूला तीनच. दुसऱ्या किटचे चार पाइपांचे एक्झॉस्ट हेडर फ्लॅटहेडला चिकटवलेली मॉडेलं आम्ही पाहतो, आणि रंग कितीही सुंदर असला तरी नजर तिथेच अडते. रेडिएटरच्या वरच्या नळ्याही दोन, प्रत्येक हेडला एक. त्यासाठी १६ नंबरची सोल्डर तार, १.६ मिमी, छान वाकते. तिच्यात शिसं असतं, हात धुवा.

तारा ओढताना डिस्ट्रिब्युटर निखळून येतो, ही तक्रार तीन पत्रांत आहे. तांब्याला स्प्रिंग असते, नुसता गोंद पुरत नाही. डिस्ट्रिब्युटरच्या बुडाला ०.५ मिमीची तार घाला आणि ब्लॉकमध्ये ४ मिमी खोल भोक पाडून ती त्यात रोवा. वायर आधी प्लगच्या टोकाला चिकटवा, टूथपिकभोवती वळण द्या, शेवटी लांबी कापा. उलट केलंत तर शेवटच्या दोन वायरी नेहमी आखूड पडतात.

प्रश्न : तीन खिडक्यांच्या कूपेचं (दोन दारांच्या बंद गाडीचं) छत तीन इंचांनी उतरवायचं आहे. पहिला प्रयत्न फसला, खांब एकमेकांवर बसेनात. (सदर)

तीन इंच म्हणजे ७६.२ मिमी, एकास पंचवीसला ३.०५ मिमी. एकास चोवीसचं किट असेल तर ३.१७.

दोन गोष्टी फसवतात. पहिली करवत. बारीक दातांच्या करवतीचा काप पाव मिलिमीटरचा. दोन्ही काप रेघेच्या बाहेर गेले तर अर्धा मिलिमीटर जास्त गेला, म्हणजे खऱ्या गाडीवर अर्धा इंच. बॉडीभोवती मास्किंग टेपच्या दोन पट्ट्या लावा, मध्ये ३.०५ मिमी फट सोडा, आणि पातं दोन्ही वेळा फटीच्या आतच चालू द्या. उरलेलं पेपरने उतरवा. टेप बॉडीच्या कमरेच्या रेषेला समांतर आहे की नाही ते कॅलिपरने चार कोपऱ्यांत मोजा. डोळ्याला समांतर वाटलेली टेप मागच्या गोलाईवर हमखास चढते.

दुसरी गोष्ट खांबांचा कल. खांब वर जाताना आत झुकतात. मधला तुकडा काढला की वरचे खांब खालच्यांपेक्षा आत पडतात. किती? कल १० अंशांचा असेल तर ३.०५ गुणिले ०.१७६, म्हणजे ०.५४ मिमी. हे जोर लावून जुळवू नका. दाबलेला खांब आठवडाभराने सांध्यातून उघडतो. खालचे खांब मुळाशी अर्ध्या जाडीपर्यंत आतून कापून किंचित आत वाकवा, कापलेल्या जागी द्रावक गोंद सोडा. फरक पाऊण मिलिमीटरच्या पुढे असेल तर छत मधोमध लांबीने कापून मध्ये प्लॅस्टिकची पट्टी भरणंच बरं. काम वाढतं, पण छताची गोलाई बिघडत नाही.

सांधा टोकाला टोक असतो, म्हणून कच्चा. प्रत्येक खांबाला आतून अर्ध्या मिलिमीटरच्या शीटची पट्टी द्या आणि ४८ तास हात लावू नका. फटींसाठी साध्या पुट्टीपेक्षा झटपट गोंद आणि बेबी पावडर यांचं मिश्रण चांगलं, ते आकसत नाही. मात्र तासाभरात घासून घ्या. दुसऱ्या दिवशी ते भोवतालच्या प्लॅस्टिकपेक्षा कठीण होतं. मग घासताना बाजूची बॉडी खोल जाते आणि भराव उंचवट्यासारखा उभा राहतो. पहिला प्रयत्न फसला म्हणता तो बहुधा टाकून द्यायच्या लायकीचा नाही. खांब सोडवा, वरच्याप्रमाणे मोजा.

किटची काच आता बसणार नाही. ड्यूसची काच सपाट असते, म्हणून अडचण नाही. केकच्या डब्याचं पारदर्शक झाकण साधारण पाव मिलिमीटरचं असतं, सपाट भाग बघून कापा. आधी पोस्टकार्डाचा नमुना. चिकटवायला फेविकॉल : द्रावक गोंद त्या प्लॅस्टिकला धरतच नाही, आणि झटपट गोंदाची वाफ काचेवर पांढरा धूर बसवते. आणि छत लावण्याआधी सीट बसवून पाहा. तीन इंच छत उतरलं की ड्रायव्हरचं डोकं छताला लागतं. खऱ्या गाडीत सीटही खाली नेतात. सीटच्या बुडातून दीड-दोन मिलिमीटर काढा.

प्रश्न : बंद खोक्यात दोन वर्षं ठेवलेल्या गाडीचे टायर रिममध्ये वितळून बसले आहेत. उन्हाने? (इतवारी)

उन्हाने नुसती घाई केली. मऊ टायर पीव्हीसीचे असतात. त्यांना मऊ ठेवणारं तेलकट रसायन हळूहळू बाहेर येतं आणि पॉलिस्टायरीनच्या रिमला विरघळवतं. नागपूरच्या माळ्यावर हे लवकर होतं. रिमवर नळजोडणीच्या पांढऱ्या टेफ्लॉन टेपचे दीड वेढे घ्या, वरून टायर चढवा. टेप दिसत नाही. न बांधलेल्या किटमधले टायर आजच वेगळ्या पिशवीत घाला, काचेच्या भागांपासून तर लांबच. खराब रिमची बाहेरची कड शाबूत असेल तर आतला खड्डा भरून वापरता येईल.

प्रश्न : एकास चोवीसच्या मोनोग्राम कंपनीच्या किटचं इंजिन एकास पंचवीसच्या बॉडीत चालेल का? (गोकुळपेठ)

इंजिन चालतं, चाकंही चालतात. चार टक्क्यांचा फरक डोळ्याला जाणवत नाही. फ्रेम आणि बॉडी मात्र मिसळू नका. ड्यूसचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या एक्सलमधलं अंतर, १०६ इंच : एकास पंचवीसला १०७.७ मिमी, एकास चोवीसला ११२.२. साडेचार मिलिमीटर लपत नाहीत, मागचं चाक मडगार्डच्या कमानीत मागे सरकलेलं दिसतं.

प्रश्न : किटचं क्रोम खेळण्यासारखं चमकतं, आणि स्प्रूवरून (भाग ज्या प्लॅस्टिकच्या दांड्यांना जोडून येतात त्यावरून) कापलेल्या जागी पांढरे डाग. (धंतोली)

ते क्रोम म्हणजे लॅकरवर चढवलेला ॲल्युमिनियमचा अतिपातळ थर. सोडियम हायपोक्लोराइटच्या घरगुती ब्लीचमध्ये अर्ध्या तासात निघतो. प्लॅस्टिकचा डबा, हातमोजे, उघडी खिडकी. संडास साफ करण्याचं ॲसिड त्यात थेंबभरही जाऊ देऊ नका, विषारी क्लोरीन वायू सुटतो. धुतल्यावर खालचं लॅकर उरतं, ते पेपरने उतरवा, साच्याच्या रेघा काढा.

पुन्हा क्रोम हवं तिथे चकचकीत काळा मारा, दोन दिवस वाळू द्या, मग अलक्लॅड कंपनीचा क्रोम रंग १२ ते १५ पीएसआयवर, ५ ते ७ सेंटीमीटरवरून, जवळजवळ न दिसणाऱ्या थरांत. काळा अर्धवट वाळला असेल तर क्रोम राखाडी पडतं, आणि जाड मारलं तरी राखाडीच पडतं.

पण सगळं पुन्हा क्रोम करू नका. जुन्या वळणाच्या हॉट रॉडवर ग्रिलची चौकट, हेडलाइट, एअर क्लीनर चकचकीत असतील, हेड ओतीव ॲल्युमिनियमचे, मळकट, स्ट्रॉमबर्ग ९७ कार्बोरेटर त्याहून पिवळसर-राखाडी, ब्लॉक रंगवलेला, गिअरबॉक्स सगळ्यात काळपट. चार धातू चार छटांचे दिसले की खेळणेपणा जातो. ग्रिलच्या उभ्या पट्ट्यांमध्ये पातळ केलेला काळा इनॅमल वाहू द्या आणि वरची कड पुसून घ्या. तेवढ्याने ग्रिलला खोली येते.

प्रश्न : गाडी तीन चाकांवर उभी राहते. (महाल)

एक्सल चिकटवण्याआधी फ्रेम काचेच्या तुकड्यावर ठेवायला हवी होती. फ्रेमच वाकडी असेल तर उकळून खाली उतरवलेल्या पाण्यात दहा-पंधरा सेकंद बुडवा, काचेवर दाबून धरा, गार पाण्यात घाला. गरज पडली तर पुन्हा. एकदम जास्त वेळ ठेवलीत तर क्रॉस मेंबर (फ्रेमचे आडवे दांडे) पापडासारखे वळतात. फ्रेम सरळ असेल तर पुढच्या एक्सलचे सांधे सोडवा, चाकं बसवा, चारही टायर काचेला टेकवा आणि मगच गोंद. पुढची बाजू आणखी खाली हवी असेल तर खऱ्या गाडीच्या दर इंचाला एक मिलिमीटर धरा. हिशेब सोपा आहे, फक्त स्प्रिंग आणि एक्सलच्या मधली जागा कापायची, एक्सलची दांडी नाही. दांडी कापली की चाकं आत झुकतात आणि पुढचे टायर हेडरला घासतात.